किलोमागे खर्च किती?

प्रिय मित्रा,

तुझं टिपण वाचलं. खतातलं नत्र पाण्यात जाऊ नये म्हणून खतावर कर लावावा की ओढ्याकाठी गवतपट्टे राखणाऱ्यांना अनुदान द्यावं, यात तू अडकला आहेस. उपाय नंतर निवड. आधी एक आकडा काढ: पाण्यात जाण्यापासून अडवलेल्या एक किलो नत्रामागे खर्च किती? किती शेतकरी सामील झाले आणि किती हेक्टर झाले, ते मला सांगू नकोस.

समजा, एक शेत ओढ्यापासून लांब आहे. तिथे ६,००० खर्चून झिरपणारं नत्र ६० किलोने घटतं. पण त्यातलं बरंचसं वाटेतच जिवाणू वायूत बदलतात आणि ओढ्यात पोचतो पाचवा हिस्सा. म्हणजे अडवलं १२ किलो, किलोमागे ५००. दुसरं शेत ओढ्याला लागून आहे. तिथे ४,००० खर्चून घटतं २० किलो, पण त्यातलं १६ किलो ओढ्यात जाणारच होतं. किलोमागे २५०. कागदावर पहिलं शेत तिप्पट काम करतं, प्रत्यक्षात दुप्पट महाग पडतं. आणि हेक्टरी सरसकट दर ठेवलास, तर ज्याला त्या जमिनीतून फारसं उत्पन्न मिळत नाही तोच आधी पुढे येतो. जिथून नत्र वाहतं तो येईलच असं नाही.

पट्ट्याच्या खर्चात बियाणं, पेरणी, निगा आणि तिथल्या पिकाचा बुडालेला नफा, सगळं धर. पाणी पातळ पसरून आलं तरच पट्टा काम करतो. घळीतून एकवटून आलं किंवा जमिनीखालच्या निचरा-नळ्यांतून गेलं, तर गवत हिरवंगार राहतं आणि नत्र ओढ्यात जातं. मोठ्या पावसात काठाने चालून बघ.

कराचं थोडक्यात सांगतो. खत थोडं महागलं म्हणून वापर फारसा घटत नाही. शिवाय कर पोत्यावर बसतो, वाहून जाणाऱ्या नत्रावर नाही. नेदरलँड्सने १९९८ पासून शेतात आलेलं आणि शेतातून गेलेलं नत्र मांडून शिलकीवर आकारणी केली. युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये ती अपुरी ठरवली, तरी शिलक मोजण्याची दिशा मला आजही बरोबरच वाटते.

सगळ्यात स्वस्त किलो बहुधा खताच्या शेवटच्या हप्त्यात सापडतो. तिथे उत्पादन जवळजवळ वाढेनासं झालेलं असतं, झिरपणं मात्र चढत असतं. एक किलो नत्र म्हणजे सुमारे ४.४ किलो नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप. युरोपात पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटला असलेल्या लिटरला ५० मिलिग्रॅम या मर्यादेपर्यंत ८८,००० लिटर पाणी न्यायला तेवढं पुरतं! शेतकरी तो हप्ता भीतीपोटी देतो, म्हणून त्याला उपदेश करू नकोस. शेतात एक पट्टा पूर्ण मात्रेचा ठेव, बाकीकडे मात्रा कमी कर, कापणीला दोन्हींचं वजन घे आणि तूट आली तर भरून दे. ज्याने मात्रा आधीच कमी केली आहे, त्याच्या नावावर नवा किलो मांडू नकोस.

या एका आकड्यापायी मला हेकट म्हणतात. म्हणोत. हा आकडा नसला की निधी संपतो आणि पाणी होतं तसंच राहतं, मग कष्ट करणारा शेतकरीच दोषी ठरतो.

विहिरीच्या नमुन्यावरून पहिल्याच वर्षी निकाल लावू नकोस, भूजल बदलायला कित्येक वर्षं लागतात. कापणीनंतर मातीत उरलेलं नायट्रेट मोज. टिपण पुन्हा लिही आणि प्रत्येक उपायासमोर किलोचा खर्च मांडून पाठव.