'शीलिंग'ला 'गुरांची उन्हाळी छावणी' म्हणावे का?

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागावरील मजकुराचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने 'शीलिंग' (उन्हाळ्यात दुभती गुरे चारायला नेऊन राहण्याची डोंगरावरची जागा) या शब्दासाठी 'गुरांची उन्हाळी छावणी' असा प्रतिशब्द योजला असून तो योग्य आहे का, अशी विचारणा केली आहे. व्युत्पत्तीच्या अंगाने तो निर्दोष आहे. परंतु मराठी वाचकाच्या मनात तो नेमके उलटे चित्र उभे करील, असे माझे मत आहे.

'छावणी'चे नाते छप्पर शाकारण्याशी आहे, आणि मराठेशाहीत फौजेच्या पावसाळी मुक्कामाला हाच शब्द होता. तात्पुरत्या शाकारलेल्या खोपटांचा हा अर्थ शीलिंगला शोभलाही असता. मात्र २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत माण, सांगोला, बीड या भागांतील चारा छावण्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना 'गुरांची छावणी' म्हटल्यावर दावणीला बांधलेली जनावरे, टँकरचे पाणी आणि बाहेरून आणलेला चारा यांखेरीज दुसरे काही आठवणार नाही. त्यात 'उन्हाळी' हे विशेषण जोडले की टंचाईचे चित्र पुरे होते.

शीलिंग ही याउलट सुबत्तेच्या दिवसांतली जागा होती. तिकडे उन्हाळा हाच हिरव्या गवताचा ऋतू. गावाजवळच्या शेतांना कुंपण नसल्यामुळे ओट आणि सातूचे पीक उभे असताना गुरे तेथून हलवणे भागच असे, आणि त्यामुळे खालच्या कुरणांनाही विसावा मिळे. साधारणपणे मे महिन्यात पुरुष वर जाऊन खोपटी डागडुजी करून देत आणि शेतीच्या कामासाठी परतत. बायका, तरुण मुली आणि लहान मुले मात्र दुभत्या गुरांसह उन्हाळाभर वर राहून धारा काढत, लोणी घुसळत, हिवाळ्यासाठी चीज करून ठेवत. १७७२ साली थॉमस पेनंट या प्रवाशाने जुरा बेटावरची अशी खोपटी पाहिली. त्यांतली काही निमुळत्या शंकूच्या आकाराची आणि इतकी ठेंगणी होती, की आत रांगतच जावे लागे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनदारांनी डोंगर मोठ्या मेंढीपालनासाठी भाड्याने दिले आणि बहुतेक ठिकाणी ही रीत मोडली. लुईस बेटावर ती विसाव्या शतकापर्यंत टिकली. बेन लॉअर्स या डोंगराच्या उतारांवर खोपटांचे दगडी पाये आजही दिसतात. वर्षानुवर्षे शेण पडून कसदार झालेल्या अशा जुन्या जागा भोवतालच्या माळापेक्षा अधिक हिरव्या असतात, हा तपशील मला फार मोलाचा वाटतो.

मग मराठी शब्द कोणता? 'गोठा' इमारतीपुरताच आहे. 'गोठण' हा कोकणातला सुंदर शब्द गुरांच्या दुपारच्या विश्रांतीच्या जागेला लावतात. तेथे माणसांचा संसार नसतो. धनगरांचा 'वाडा' अर्थाने बराच जवळ येतो, परंतु तो मेंढ्यांसह फिरतो आणि त्यात सगळे कुटुंब असते. शिवाय शहरी वाचकाला आधी चिरेबंदी वाडाच आठवेल. ('गोठा' हा शब्द संस्कृत 'गोष्ठ'वरून आला. त्यातला 'गो' आणि स्कॉटिश गेलिकमधला गाईचा शब्द 'बो' हे एकाच मुळाचे आहेत, हे अशा चर्चेत नमूद केल्यावाचून राहवत नाही.)

माझी सूचना 'कुरणवस्ती' अशी आहे. हा जोडशब्द नवा असला तरी त्याचे दोन्ही घटक रुळलेले आहेत. गावापासून दूर, शेतात राहण्याच्या ठिकाणाला देशावर 'वस्ती'च म्हणतात, आणि 'वस्तीची एसटी' म्हटले की मुक्कामाचा अर्थही कोणाला समजावून सांगावा लागत नाही. घर एकीकडे आणि मुक्काम दुसरीकडे, हा शीलिंगचा गाभा त्यात आपसूक येतो. पहिल्या उल्लेखात 'शीलिंग, म्हणजे डोंगरावरची उन्हाळी कुरणवस्ती' असे लिहावे आणि पुढे नुसते 'वस्ती' वापरावे. म्हणजे 'मुली गुरांबरोबर वस्तीला गेल्या' किंवा 'वस्तीवरून लोणी खाली आले' अशी सहज मराठी वाक्येही लिहिता येतील.