देवयानीच्या छायाचित्रासाठी कर्ज काढावे का?

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्राचा आशय थोडक्यात असा. आपल्याकडे काही वर्षे वापरलेला डीएसएलआर कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स आणि साधा ट्रायपॉड आहे. एवढ्या साहित्यावर आपण घराच्या गच्चीवरून मृग नक्षत्रातील तेजोमेघ आणि कृत्तिका टिपल्या आहेत, आणि आता देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचे मनाजोगे छायाचित्र काढण्याची आपली इच्छा आहे. त्यासाठी १५० मिलिमीटर व्यासाची, ७५० मिलिमीटर फोकल लेंथची (ती जितकी लांब, तितका आकाशाचा लहान भाग मोठा होऊन चौकटीत येतो) परावर्ती दुर्बीण, मोटारवर फिरणारा विषुववृत्तीय माउंट (दुर्बीण आकाशाबरोबर फिरवणारा आधार) आणि शीतकरणाची सोय असलेला खगोलीय कॅमेरा असा संच आपण निश्चित केला आहे. त्याची किंमत हातात येणाऱ्या चार महिन्यांच्या पगाराइतकी आहे. निम्मी रक्कम आपत्कालीन निधीतून आणि निम्मी वार्षिक १४ टक्के दराच्या, ३ वर्षांच्या वैयक्तिक कर्जातून उभारावी का, असा आपला प्रश्न आहे.

हा संच या मार्गाने आणि आत्ता घेऊ नये, असे माझे मत आहे. छंदावर खर्चच करू नये, असा याचा अर्थ नाही. अशा खर्चासाठी अंदाजपत्रकात जागा असलीच पाहिजे. माझा आक्षेप असा आहे की आपले छायाचित्र आज ज्या गोष्टीमुळे अडले आहे ती गोष्ट या संचातील फार थोड्या भागाने सुटते, आणि उरलेल्या भागासाठी आपण घराची सुरक्षितता गहाण टाकत आहात.

नेमके अडले कुठे आहे ते आधी पाहू. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो (एका अंशात ३६०० विकला असतात). आपल्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ४ मायक्रॉनच्या आसपास आहे असे धरले, तर ५० मिलिमीटर लेन्सवर एक पिक्सेल साधारण साडेसोळा विकलांचा भाग व्यापतो; म्हणजे स्थिर ट्रायपॉडवर तारा सेकंदाला जवळजवळ एक पिक्सेल पुढे जातो. शटर किती सेकंद उघडे ठेवावे हे ठरवण्यासाठी ५०० ला फोकल लेंथने भागण्याचा जो प्रचलित नियम आहे, तो आपल्या लहान सेन्सरला (म्हणजे फोकल लेंथ दीडपट धरून) लावला तर साडेसहा सेकंदांची मुभा देतो, पण तेवढ्या वेळात तारा सहा पिक्सेल ओढला गेलेला असतो. आपण पाठवलेल्या कृत्तिकांच्या छायाचित्रात तारे एकाच दिशेने लांबट दिसतात, ते यामुळेच. लेन्स किंवा कॅमेरा यांचा त्यात दोष नाही. आकाशाबरोबर फिरणारे काहीतरी आपल्याकडे नाही, इतकेच.

आता निवडलेल्या संचाकडे वळू. देवयानी दीर्घिकेचा आकाशातील विस्तार सुमारे ३ अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या सहापट रुंद आहे. ७५० मिलिमीटर फोकल लेंथवर आपल्या सध्याच्या कॅमेऱ्याची चौकट जेमतेम १.८ अंश रुंद भरते, आणि नवा खगोलीय कॅमेरा लहान सेन्सरचा असल्यास ती आणखी आक्रसते. ज्या एका छायाचित्रासाठी आपण चार पगार मोजणार आहात, ते त्या दुर्बिणीच्या चौकटीत मावतच नाही! तुकडे जोडून ते करता येते, पण तो अनुभवी हातांचा उद्योग आहे. याउलट १३५ मिलिमीटरच्या एखाद्या साध्या लेन्सने आपल्याच कॅमेऱ्यावर सुमारे १० अंश रुंद आणि साडेसहा अंश उंच चौकट मिळते, आणि देवयानी तिच्यात ऐसपैस बसते.

दुसरी अडचण अचूकतेची आहे, आणि तिच्यातूनच पुढचे छुपे खर्च निघतात. स्वस्त माउंटच्या गिअरमुळे एका आवर्तनात समजा ३० विकलांचा फरक पडला, तर १३५ मिलिमीटर लेन्सवर तो पाच पिक्सेलांचा दिसतो आणि ७५० मिलिमीटरवर तोच सत्तावीस पिक्सेलांचा होतो. तो सावरण्यासाठी मार्गदर्शक दुर्बीण, तिचा वेगळा कॅमेरा आणि रात्रभर चालणारा लॅपटॉप लागतो. त्याखेरीज कडेचे तारे सुधारणारी भिंगे, वीजपुरवठा आणि आरशावर दव साचू नये म्हणून तापपट्टी यांपैकी एकही बाब आपण जोडलेल्या अंदाजात मला दिसली नाही. छायाचित्रणासाठी माउंटवर त्याच्या जाहीर क्षमतेच्या निम्मे ते दोन तृतीयांश एवढेच वजन ठेवावे असा जाणकारांचा संकेत आहे; तो पाळायचा झाला तर कदाचित माउंटही वरच्या श्रेणीचा घ्यावा लागेल. शीतकरणाच्या कॅमेऱ्याबद्दल एवढेच सांगतो की शीतकरणाने सेन्सरचा स्वतःचा गोंगाट (फोटोतला नको असलेला दाणेदारपणा) घटतो, परंतु शहराच्या उजळलेल्या आकाशाखाली त्याहून मोठा गोंगाट आकाशाच्या प्रकाशाचाच असतो, त्यामुळे गच्चीवर त्या पैशांचे चीज होणार नाही.

कर्जाचा हिशेब पाहू. १४ टक्के दराने ३ वर्षांत समान हप्त्यांनी फेडलेल्या कर्जावर मुद्दलाच्या सुमारे २३ टक्के व्याज जाते. दोन पगारांच्या कर्जापोटी आपण जवळजवळ अडीच पगार परत कराल आणि दरमहा पगाराचा ६.८ टक्के हिस्सा हप्त्यात अडकेल. ज्या वस्तूची किंमत दरवर्षी उतरते, तिच्यावर व्याज भरणे हा दुहेरी तोटा आहे. चांगल्या लेन्स मूल्य बऱ्यापैकी टिकवून धरतात, कॅमेरे मात्र नवे मॉडेल आले की झपाट्याने स्वस्त होतात, आणि आपल्या संचात भर कॅमेऱ्यावर आहे. आपत्कालीन निधी तर आत्ताच तीन महिन्यांच्या खर्चापुरता आहे. मी सहा महिन्यांचा आग्रह धरतो. त्यातून दोन पगार काढल्यास तो जवळजवळ रिता होईल, आणि नेमक्या त्याच काळात डोक्यावर हप्ता असेल. नोकरीत खंड पडला किंवा घरात आजारपण आले तर आपल्याला दुर्बीण पडत्या भावात विकावी लागेल.

त्याऐवजी मी असे सुचवतो. कर्जाच्या हप्त्याइतकीच रक्कम दरमहा बाजूला काढा. आपल्याला खरी गरज आहे ती ट्रॅकरची, म्हणजे ट्रायपॉडवर बसवून कॅमेरा आकाशाबरोबर फिरवणाऱ्या छोट्या उपकरणाची. त्याची किंमत संचाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी असल्याचे आपणच लिहिले आहे. त्या हिशेबाने वर्षभराच्या आत ट्रॅकर रोखीने येईल, आणि वापरलेली १३५ मिलिमीटर लेन्स त्यानंतर. दरम्यान मिळणारा बोनस निधीत जाऊ द्या. ट्रॅकरवर एकेक मिनिटाचे १२० फोटो घेऊन ते सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर यांसारख्या मोफत संगणक प्रणालीत स्टॅक केले, म्हणजे एकावर एक जुळवून एकत्र केले, तर दोन तासांचा प्रकाश हाताशी येतो. आज आपण सहा सेकंदांच्या शंभर फोटोंतून दहा मिनिटांचा प्रकाश गोळा करता. प्रकाश बारापट झाला की संकेत (हवा असलेला प्रकाश) आणि गोंगाट यांचे गुणोत्तर बाराच्या वर्गमुळाने, म्हणजे जवळजवळ साडेतीनपट सुधारते. ते आणखी दुप्पट करायचे तर आठ तास लागतील, आणि ते पैशांनी नव्हे, रात्रींनी मिळतात.

या रात्रींचा हिशेब आर्थिक निर्णयातही धरला पाहिजे. चंद्रप्रकाश नसलेल्या, निरभ्र आणि दुसऱ्या दिवशी कामाची घाई नसलेल्या रात्री वर्षाकाठी किती मिळतात, ते गेल्या वर्षीच्या फोटोंच्या तारखा पाहून काढा, आणि संचाची किंमत त्या संख्येने भागा. येणारा आकडा मी इथे मांडत नाही. तो आपल्याला स्वतःच पाहू द्या. त्या रात्रींपैकी काही काळोख्या जागी घालवता आल्या तर फरक कोणत्याही नव्या उपकरणापेक्षा मोठा असेल, म्हणून प्रवासखर्चासाठी वेगळी तरतूद ठेवणे मला दुर्बिणीपेक्षा शहाणपणाचे वाटते.

छायाचित्रे विकून हप्ता भागेल असे आपण लिहिले आहे. उत्पन्न आले तर आनंदच आहे, परंतु ते सुरू होण्यापूर्वी हप्ता त्याच्या भरवशावर ठरवू नये.

आपला ओढा गुरू आणि शनी यांच्याकडे असता, तर माझे उत्तर काहीसे वेगळे झाले असते. ग्रह लहान आणि तेजस्वी असल्याने शहरातूनही टिपता येतात, त्यांना लांब फोकल लेंथ लागते, आणि हजारो छोट्या फ्रेमच्या व्हिडिओवर काम भागत असल्याने माउंटच्या चुका कमी जाचतात. सगळे आपोआप करणाऱ्या स्मार्ट दुर्बिणीबद्दलही आपण विचारले आहे. ज्यांना प्रक्रियेत रस नाही त्यांच्यासाठी ती चांगली सोय आहे, पण फोटोवर तासन् तास काम करण्यात आपल्याला गोडी असल्याचे पत्रावरूनच दिसते.

ट्रॅकर आणि १३५ मिलिमीटर लेन्स वर्षभर वापरूनही बारीक तेजोमेघ आणि दूरच्या लहान दीर्घिकाच खुणावत राहिल्या, तर मोठ्या दुर्बिणीचा विचार तेव्हा करू. तोवर निधीही सहा महिन्यांकडे सरकलेला असेल. वापरलेली लेन्स घेताना ती प्रकाशासमोर धरून आत बुरशीचे धागे नाहीत ना ते पाहावे, आणि शक्य झाल्यास लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडे ठेवून काढलेला ताऱ्यांचा एक फोटो मागावा. चारही कोपऱ्यांतील तारे सारखेच बिघडलेले असतील तर छिद्र थोडे लहान करून काम भागते. एकाच कोपऱ्यात ते वेडेवाकडे दिसत असतील तर भिंगे सरकलेली असण्याचा संभव आहे, आणि अशी लेन्स कितीही सवलतीत मिळाली तरी घेऊ नये.