चेर्वेनी आणि किरमिजी

'चेर्वेनी' या चेक आडनावाचा अर्थ काय आणि त्यात आपला 'वर्ण' दडलेला आहे काय, असे एका वाचकाने विचारले आहे. अर्थ सरळ आहे: तांबडा. आपल्याकडे काळे, गोरे, पांढरे असतात, तसेच तिकडे तांबड्या केसांच्या किंवा लालबुंद चेहऱ्याच्या कोणा पूर्वजावरून हे आडनाव पडले. स्त्रीच्या बाबतीत ते 'चेर्वेना' होते. म्हणून १९२५ साली प्रागमध्ये जन्मलेल्या ऑपेरा गायिका सोन्या चेर्वेना यांना 'चेर्वेनी' म्हणणे चूक ठरेल.

'वर्णा'चे म्हणाल, तर युरोपातला शब्द कानाला ओळखीचा लागला की तो संस्कृतच्या पदरात घालण्याची ही खोड आता पुरे झाली. येथे मूळ घटक 'चेर्व' आहे आणि त्याचा अर्थ अळी, किडा. मध्य व पूर्व युरोपात जमिनीलगत वाढणाऱ्या एका रानरोपाच्या मुळांना जांभळट-तांबडे इवलेसे किडे चिकटलेले असत. जूनच्या अखेरीस, संत योहानाच्या सणाच्या सुमारास, लोक ती रोपे उपटून किडे वेचीत, उकळत्या पाण्याने किंवा व्हिनेगरने मारून वाळवीत आणि त्यांपासून लाल रंग काढीत. चेक भाषेत जूनला 'चेर्वेन' आणि जुलैला 'चेर्वेनेत्स' म्हणतात, ते माझ्या मते या वेचणीवरूनच. फळे लाल होतात म्हणून ही नावे पडली, असे सांगणाऱ्या पंडितांनी सप्टेंबरातल्या लाल सफरचंदांनी काय घोडे मारले होते, हेही सांगावे.

खरी गंमत पुढेच आहे. 'चेर्व' आणि संस्कृत 'कृमि' ही एकाच आदिशब्दाची लेकरे, मायलेकी नव्हेत. स्लाव्ह भाषांत 'क'चा 'च' झाला. 'म'चा 'व' झाला खरा, पण रशियनमध्ये तांबड्या समुद्राच्या 'चेर्म्नोये मोरे' या जुन्या नावात तो 'म' अजून शाबूत आहे. 'कृमि'चे इराणी भावंड 'किर्म' अरबी-फारसीच्या वाटेने रंगाचे नाव होऊन मराठीत उतरले, ते आपले 'किरमिजी'. म्हणजे चेक माणसाचे आडनाव आणि आपल्या शालूचा रंग, दोन्ही किड्यांपासूनच निघाले.

'क'च्या जागी 'च' येण्याचा हा नियम 'चेर्नी' या दुसऱ्या चेक आडनावालाही लावून पाहावा: त्याचे संस्कृत भावंड म्हणून समोर 'कृष्ण' उभा राहतो, आणि त्या घराण्याचे मराठी भाषांतर 'काळे' होते.