नागपुरात पहिल्यांदा ब्रॉयलर पाळताना

आपण ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी पाळायच्या कोंबड्यांच्या, पिल्लांची पहिली तुकडी एप्रिलमध्ये आणण्याचे ठरविले आहे, ते कृपया दिवाळीपर्यंत पुढे ढकलावे. नागपूरचा पारा 45 अंशांकडे सरकू लागला की अंगाने जड झालेले ब्रॉयलर कूलर लावूनही भर दुपारी धापा टाकत मरतात, आणि माझी पहिली तुकडी अशीच गेली. सुरुवातीस दहा-बारा पिल्ले पुरेत. पहिल्या आठवड्यात त्यांना 32 ते 35 अंशांची ऊब लागते व पुढे ती दर आठवड्याला सुमारे 3 अंशांनी कमी करावी. मात्र थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडेच पाहावे, कारण ती बल्बखाली गर्दी करत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे आणि कडेला पांगली असतील तर उकडते आहे. खालचे भाताचे तूस कोरडे ठेवावे. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस पहिल्या आठवड्यातच द्यावी. सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोंच्या आसपास भरतो.

कापण्यापूर्वी 8 ते 12 तास दाणा बंद करावा, पाणी मात्र चालू ठेवावे. पिसे काढण्यासाठी पाणी 60 ते 65 अंशांचे असावे, कारण उकळत्या पाण्याने कातडी फाटते. आतडे न फोडता काढावे, मांस लगेच बर्फाच्या पाण्यात गार करावे आणि, सावजी रश्श्याची कितीही घाई असली तरी, एक रात्र फ्रिजमध्ये ठेवावे, अन्यथा ते चिवट लागते.