नकारपत्रातली तीन टिंबं

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यातली साडेतीन पानं माउंटन बायकिंग हा ‘साहसी खेळ’ कसा नाही हे पटवून देण्यात गेली आहेत. ती मी बाजूला ठेवते. उरलेल्या अर्ध्या पानातली हकिगत अशी: हौशी सायकलस्वारांची क्रॉस-कंट्री शर्यत होती. खडकाळ उतारावर पुढचं चाक दगडात अडकलं, तुम्ही हँडलवरून पुढे फेकले गेलात, कॉलरबोन मोडलं आणि आत प्लेट बसवावी लागली. हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेमनं भरलं. जोडीला घेतलेल्या वैयक्तिक अपघात पॉलिसीत कामावर जाता न आलेल्या आठवड्यांची भरपाई मिळते, ती मात्र कंपनीनं नाकारली. कारण एकच दिलं, ‘साहसी खेळातील सहभाग’. त्या नकाराला आता वीस महिने होत आले.

ट्रेकला जाणारे, भिंतीवर चढणारे, सायकल घेऊन डोंगरात शिरणारे असे बरेच जण हाच प्रश्न घेऊन येतात. त्यातल्या जवळपास प्रत्येकानं नकारपत्र दहा वेळा वाचलेलं असतं आणि पॉलिसी एकदाही नाही.

कंपनीच्या नकारपत्रात कलम अवतरणचिन्हांत दिलं आहे. पॉलिसी इंग्रजीत आहे, मराठीत सांगायचं तर ते असं दिसतं: ‘सहभाग … धोकादायक किंवा साहसी खेळांत’. मधे तीन टिंबं. कोणी कलम उद्धृत करताना टिंबं घातली की माझा हात आधी मूळ पानाकडे जातो. तुम्ही त्या पानाचा फोटो पाठवलात, पण नेमका त्या ओळीवर तुमचा अंगठा! दुसरा फोटो मागवला. त्यात अंगठा नव्हता आणि टिंबांच्या जागी तीन छोटे शब्द होते: ‘ॲज अ प्रोफेशनल’. म्हणजे व्यावसायिक म्हणून.

तुमचं सगळं प्रकरण या शब्दांवर उभं आहे. ते वीस महिने तुमच्याच कपाटात पडून होते याचा मला राग येतो, पण तो असू दे.

हे शब्द आले कुठून ते थोडक्यात सांगते. आरोग्य विम्यातले अपवाद, म्हणजे भरपाई कशाची मिळणार नाही ती कलमं, कोणत्या शब्दांत लिहायचे हे विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, २०१९ मध्ये ठरवून दिलं. त्यात साहसी खेळांच्या अपवादाची सुरुवातच ‘व्यावसायिक म्हणून सहभाग’ अशी आहे. पुढे पॅराजंपिंग, रॉक क्लाइंबिंग, गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटर रेसिंग, घोड्यांच्या शर्यती, स्कूबा डायव्हिंग अशी यादी येते, आणि ‘यांच्यासह, परंतु एवढ्यापुरतेच मर्यादित नाही’ अशी पळवाटही. ही रचना वैयक्तिक अपघात पॉलिसींना मात्र लागू केलेली नव्हती. त्यामुळे काही कंपन्यांनी तेच शब्द उचलले, काहींनी ‘कोणतीही शर्यत’ असं सरसकट लिहिलं, तर काही जण जादा हप्ता घेऊन असे खेळ आत घेतात. तुमच्या ग्रुपमधल्या मित्राचा क्लेम मंजूर झाला याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही, तो यासाठी. त्याची पॉलिसी वेगळी, त्यातली ओळ वेगळी. तुमच्या कंपनीनं ‘व्यावसायिक म्हणून’ हे शब्द घेतले हे तुमचं नशीब, आणि उत्तरात ते गाळले ही त्यांची चूक किंवा चलाखी. चलाखीच होती असं मी लिहून देणार नाही.

आता तुमची साडेतीन पानं मी का बाजूला ठेवली ते कळेल. सायकल यादीत नाही हे खरं, पण यादी उघडी आहे, आणि दगडधोंड्यांतून उतरणारी सायकल मोटर रेसिंगच्या शेजारी नेऊन बसवणं कंपनीच्या वकिलाला जड नाही. क्रॉस-कंट्री माउंटन बायकिंग १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, म्हणजे हा प्रतिष्ठित खेळ, असंही तुम्ही लिहिलं आहे. कृपा करून हे ग्राहक आयोगापुढे म्हणू नका. प्रतिष्ठा कोणी विचारलेली नाही, आणि ऑलिंपिकचं नाव निघालं की समोरचा लगेच ‘व्यावसायिक’ शब्दाकडे वळेल. हा साहसी खेळ आहे हे वादापुरतं मान्य करून टाका. तो तुम्ही व्यवसाय म्हणून खेळता का, एवढ्याच मुद्द्यावर पाय रोवा.

खेळता का? तुम्ही नोकरी करता, पगार तिथून येतो, शर्यतीची प्रवेश फी स्वतःच्या खिशातून भरलीत. हे सगळं तुमच्या बाजूचं. शिवाय अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, आणि शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर तो ज्यानं लिहिला त्याच्या विरोधात लावायचा, हे विमा कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. पॉलिसीच्या व्याख्यांमध्ये ‘व्यावसायिक’ची व्याख्या मला दिसली नाही. नसेल तर तेही तुमच्याच पथ्यावर.

पण पत्राच्या तळाशी, ताजा कलम म्हणून, तुम्ही दोन गोष्टी सहज लिहून गेला आहात. एका शर्यतीत तिसरा नंबर आला आणि खरेदीचं व्हाउचर मिळालं. आणि अपघाताच्या दिवशी अंगावर एका सायकल दुकानाचं नाव छापलेली जर्सी होती. पहिल्या गोष्टीची मला फारशी चिंता नाही. एका व्हाउचरनं कोणी व्यावसायिक होत नाही असंच मी मांडेन, आयोग ते मानेल असं मला वाटतं, हमी देत नाही. जर्सी मात्र टोचते. दुकानानं ती प्रायोजक म्हणून फुकट दिली असेल, बदल्यात तुम्ही फोटो टाकत असाल, तर समोरच्या वकिलाला धागा मिळाला. सोशल मीडियावर स्वतःच्या नावापुढे ‘एमटीबी रेसर’ (एमटीबी म्हणजे माउंटन बाइक) असं लिहिलेलं तुम्ही परवा घाईघाईनं काढलंत म्हणता. का काढलंत? आधीचे स्क्रीनशॉट कोणाकडे नसतीलच असं नाही, आणि पुरावा पुसला असा ठपका त्या दोन शब्दांहून महाग पडतो. यापुढे काही पुसू नका.

दुसरी भीती तुम्ही दबक्या आवाजात विचारली आहे: पॉलिसी घेताना अर्जात ‘धोकादायक खेळ खेळता का’ या प्रश्नापुढे एजंटनं ‘नाही’वर खूण केली होती, आणि तुम्ही न वाचता सही केली. न वाचता केलेली सही तुमचीच असते, एजंटच्या माथी मारता येत नाही. पण कंपनीनं नकारपत्रात हे कारण दिलेलं नाही. नकारपत्रात न दिलेलं कारण विमा कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या २०१९ च्या निकालात म्हटलं आहे. तिथं मुद्दा क्लेम कळवायला झालेल्या उशिराचा होता. तुमच्या बाबतीत तो तसाच्या तसा लागू होईल असं मी धरते, तरी शपथपत्रात मात्र खोटं एक अक्षर लिहायचं नाही. विचारलं तर खरं सांगायचं.

आणि म्हणूनच कंपनीला ईमेल करणं आजपासून बंद. वीस महिन्यांत तुम्ही एकतीस ईमेल केले आहेत. सतराव्यात ‘मी गेली सहा वर्षं नियमित शर्यतींत उतरतो’ असं अभिमानानं लिहिलं आहे. बाविसाव्यात पुस्तिकेतला पान क्रमांक देऊन भांडला आहात. आणि आता मला विचारता की ‘अटींची पुस्तिका मिळालीच नाही’ असा मुद्दा घेता येईल का! अपवादाचं कलम ग्राहकाला कळवलंच नसेल तर कंपनीला त्याचा आधार घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या भारत वॉच कंपनीच्या २०१९ च्या निकालात आहे, पण तो आधार पुस्तिका न मिळालेल्यासाठी. पान क्रमांक देणाऱ्यासाठी नाही.

ईमेल करत राहिलं म्हणजे मुदत पुढे सरकते, हा समज कुठून पसरला कोण जाणे. सरकत नाही. पहिल्या नकारानंतर महिन्याभरात तुमच्या तक्रारीला ‘निर्णय कायम’ असं लेखी उत्तर आलं. विमा लोकपालाकडे जायला तिथून एक वर्ष होतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुमच्यासारख्या एका ओळीच्या वादाला ती जागा सगळ्यांत सोयीची होती. तुम्ही ते वर्ष ग्राहक सेवा केंद्राच्या माणसाला समजावण्यात घालवलंत.

उरला ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे दोन वर्षांची मुदत आहे. ती पहिल्या नकारपत्रापासून मोजा, दुसऱ्यापासून नको. म्हणजे हातात साधारण चार महिने आहेत. उशीर माफ करण्याची तरतूद त्याच कलमात आहे, पण ती सबळ कारण दाखवणाऱ्याला. एकतीस ईमेल हे सबळ कारण नव्हे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. अधिकारक्षेत्र आणि फी ठरवताना भरलेला हप्ता पाहतात, मागितलेली रक्कम नाही, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य आहे. तेव्हा पैशांची सबब चालणार नाही.

तिथे किती वेळ लागेल? कायदा म्हणतो, तपासणी-चाचणीची गरज नसेल तर नोटीस बजावल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. हे वाक्य मी अशिलांना वाचून दाखवणं सोडून दिलं आहे. सदस्याची जागा रिकामी, कोरम नाही, पुढची तारीख. याला वर्षं लागतात हे धरूनच चला. मात्र एक मुदत आयोगालाही वाढवता येत नाही. कंपनीनं लेखी म्हणणं ३० दिवसांत द्यायचं, फार तर आणखी १५. हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेजच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं यावर शिक्कामोर्तब केलं. नोटीस तक्रारीच्या प्रतीसह कधी पोचली याची पावती जपून ठेवा आणि शेचाळिसाव्या दिवशी फाइल उघडून पाहा. मोठमोठ्या कंपन्या इथे झोपलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता मागायचं किती. तुम्ही चौदा आठवडे मागितले आहेत. पॉलिसीतला शब्द ‘तात्पुरतं संपूर्ण अपंगत्व’ असा आहे, त्यातला ‘संपूर्ण’ विसरू नका. चौथ्या आठवड्यापासून एका हातानं लॅपटॉपवर घरून काम सुरू केलं हे तुम्हीच लिहिलं आहे, आणि ऑफिसच्या हजेरीत ते दिसणार. मग चौथ्यापासून चौदाव्यापर्यंतचे आठवडे कोणत्या तोंडानं मागायचे? सर्जननं ‘पूर्ण विश्रांती’ किती आठवडे लिहिली आणि ऑफिसनं रजा किती मांडली, ही दोन कागदपत्रं जुळतात तेवढेच आठवडे मागा. कायमस्वरूपी अपंगत्वाचा तक्ता चाळू नका. तिथे डोळे, हात, पाय, बोटं, श्रवणशक्ती मोजलेली असते. जुळून आलेल्या कॉलरबोनला तिथे जागा नाही.

मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून हे मिळत नाहीत असं एजंट म्हणाला, ते चूक. मेडिक्लेम झालेला खर्च भरून देतो, अपघात पॉलिसी ठरलेली रक्कम देते. दोन्ही घेता येतात. शर्यतीच्या आयोजकांना लिहून दिलेलं ‘स्वतःच्या जबाबदारीवर’चं पत्र तुमच्या आणि त्यांच्यामधलं आहे, विमा कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. आणि तोल जाऊन पडणं हा अपघातच. शर्यतीत स्वखुशीनं उतरलात म्हणून पडणंही स्वखुशीचं ठरत नाही.

तर पुढच्या आठवड्यात मला एवढं पाठवा: पहिलं नकारपत्र पाकिटासकट, पुस्तिकेचं ते पान अंगठ्याशिवाय, डिस्चार्ज कार्ड, रजेचा दाखला, शर्यतीच्या प्रवेश फीची पावती. आणि ती जर्सी विकत घेतली असेल तर तिचं बिल. बिल नसेल तर दुकानदाराकडून आता मागच्या तारखेचं करून आणू नका. पैसे कसे दिले होते ते बँकेच्या उताऱ्यात शोधा.