मनात वाईट विचार येणं हेच पाप आहे का? ख्रिस्ती माणसानं स्वतःची तपासणी कशी करावी?

विचार येणं आणि त्याला बसायला पाट देणं, यात फरक आहे. ४थ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या संन्याशानं लोभ, राग, खिन्नता, गर्व असे ८ त्रासदायक विचार सांगितले. ते येतात की नाही हे आपल्या हातात नाही, रेंगाळू द्यायचे की नाही हे आहे, असं त्याचं म्हणणं. मला हे फार दिलासा देणारं वाटतं. बायबलमधल्या नीतिसूत्रे ४:२३ मध्ये अंतःकरण जपायला सांगितलंय, कारण जीवनाचे झरे तिथूनच वाहतात.

तपासणीचं म्हणाल, तर बायबलमधल्याच स्तोत्र १३९ च्या शेवटी स्तोत्रकर्ता देवालाच म्हणतो, माझी झडती घे. स्वतःची झडती स्वतः घेताना आपण सोयीचे कप्पे उघडतो (मी तर हमखास). जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीत सुरुवात आभारांनी होते. मग दिवसभरातले विचार, शब्द, कृती आठवायच्या, क्षमा मागायची आणि सुधारण्याचा निश्चय करायचा. तो आभाराचा भाग गाळू नका. नाहीतर तपासणीची नुसती स्वतःला टोचणी होते. रात्री १०-१५ मिनिटं पुरतात. नेमका प्रसंग आठवा: "मी रागीट आहे" असं मोघम नको, आज कुणावर आणि का चिडलो ते.