घरच्या पावाचे काप

प्रश्न : ब्रेड मशीनमध्ये केलेला पाव कापताना दबतो, काप वेडेवाकडे येतात आणि तळाशी मोठे भोक राहते. काय चुकत असावे?

उत्तर : बहुधा घाई नडते. नुकत्याच भाजलेल्या पावात वाफ कोंडलेली असते व आतील पिष्ट पुरते घट्ट झालेले नसते, त्यामुळे सुरी लागताच तो चिकटतो. म्हणून पाव भांड्यातून लगेच काढून जाळीवर १ ते २ तास निवू द्यावा. सुरी लांब, दातेरी असावी आणि ती न दाबता करवतीसारखी चालवावी. मशीनचा उंच पाव कुशीवर आडवा ठेवून कापणे मला अधिक सोयीचे वाटते. भोक मळणीच्या पात्याचे असते. शेवटची मळणी संपताच, कणीक अखेरची फुगण्यापूर्वी, ओल्या हाताने पाते काढून घेतल्यास ते अगदी लहान राहते.